शिक्षकाची वाणी : पेस्टालॉझीचें चरित्र

शाळेंत मूल पुस्तकांतून जितकें शिकतें, तितकेंच शिक्षकाच्या बोलण्यांतून शिकतें. रागाच्या भरांत एखाद्या मुलास आपण मठ्ठ म्हणून जातों. तो शब्द आपण संध्याकाळपर्यंत विसरतों. तें मूल मात्र विसरत नाहीं. कठोर शब्दाचें दुःख ज्यानें बालपणीं स्वतः सोसलें व गोड शब्दाचें सामर्थ्य ज्यानें पुढें सर्व युरोपास दाखविलें, त्या पेस्टालॉझीचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहें.

योहान हाइनरिख पेस्टालॉझी ह्याचा जन्म स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. तो पांच वर्षांचा असतांना त्याचे वडील वारले. आई व एक एकनिष्ठ मोलकरीण ह्या दोघींनीं मोठ्या काटकसरीनें त्याचा सांभाळ केला. सदा घरांत वाढल्यामुळें तो शाळेंत बावळट दिसे. त्याचें अक्षर वाईट व शुद्धलेखन कच्चें होतें. सोबत्यांनीं त्याला वेड्यांच्या गांवचा विक्षिप्त अशा अर्थाचें टोपणनांव ठेविलें. परंतु एके दिवशीं भूकंपाचा धक्का बसून सारे बाहेर पळाले, तेव्हां आंत राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणण्यास हाच विक्षिप्त मुलगा गेला, असें त्याचे चरित्रकार सांगतात. त्याचे आजोबा झुरिचजवळच्या एका खेड्यांत पाळक होते. त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरीं जातांना मुलांची दैना त्यानें डोळ्यांनीं पाहिली, व ती त्याच्या मनांतून पुढें कधींच गेली नाहीं.

इ. स. १७६९ त त्याचें लग्न झालें. त्यानें शेती आरंभिली, ती बुडाली. १७७४ त आपल्याच घरीं गरीब मुलांची शाळा काढली. मुलांनीं काम करावें आणि काम करतां करतां शिकावें, असा त्याचा हेतु होता. पण द्रव्याच्या अभावीं १७८० त तीही बंद पडली. १७८१ त प्रसिद्ध झालेल्या 'लिओनार्ड आणि गर्ट्रूड' ह्या कादंबरीनें त्याला कीर्ति मिळाली. परंतु मुलांना शिकविण्याची त्याची तळमळ तिनें शमली नाहीं.

ती संधि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं आली. १७९८ च्या सप्टेंबरांत फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांव जाळलें व कित्येक मुलें निराधार झालीं. जानेवारी १७९९ त तेथील एका मठाच्या इमारतींत त्यानें तीं जमविलीं. तीं पुढें सुमारें ८० झालीं. अंगावर खरूज, पोटांत भूक व मनांत संशय, अशी त्यांची स्थिति होती. गांव कॅथॉलिक, हा प्रॉटेस्टंट. त्यामुळें लोकांचाही विश्वास नाहीं. मदतीला एका बाईखेरीज कोणी नव्हतें. तो त्यांच्यांतच जेवे, त्यांच्यांतच निजे. रात्रीं मुलें अंथरुणांत पडल्यावर त्यांना झोंप लागेपर्यंत तो त्यांच्याबरोबर प्रार्थना करी व बोलत बसे. त्यानें उपदेशाचा भडिमार केला नाहीं. आधीं प्रीति दाखवावी, मग त्या प्रीतीला शब्द द्यावा, अशी त्याची रीति होती. उर्मटपणा व क्रूरपणा ह्यांबद्दल क्वचित् त्याचा हात उठे, हें त्यानें स्वतःच कबूल केलें आहे. पण लगेच तो मुलास जवळ घेई, आणि त्यामुळें त्या मुलाचें मन दुरावत नसे.

एप्रिलांत जवळचें आल्टडॉर्फ गांव आगींत भस्म झालें. तेथील सुमारें २० पोरकीं मुलें आपल्यांत घ्यावीं, असें त्याच्या मनांत आलें. त्यानें तसा हुकूम सोडला नाहीं, मुलांना विचारलें. सर्वांनीं आनंदानें होकार दिला. तेव्हां त्यानें त्यांना थांबवून पुढील अडचणी समजावून सांगितल्या : अन्न कमी पडेल, कपडे वाटून घ्यावे लागतील, काम वाढेल. नीट विचार करा, असें त्यानें बजाविलें. तरीही मुलें आपल्या शब्दावरून हललीं नाहींत. कांहीं महिन्यांपूर्वीं जीं एका तुकड्यासाठीं भांडत, तीं आतां परक्यांस आपला घांस देण्यास सिद्ध झालीं! हुकुमानें अन्न वांटतां आलें असतें. मन वांटतां आलें नसतें. जूनमध्यें सैन्याच्या इस्पितळासाठीं ती इमारत घेतली गेली व शाळा मोडली.

पुढें बुर्गडॉर्फ येथें तो लहान मुलांस शिकवूं लागला. वर्गाच्या भिंतीवरील जुना कागद फाटला होता. तुम्हांस काय दिसतें, असें तो विचारी. कोणी म्हणे, कागदांत भोंक दिसतें. तो त्या उत्तराला हंसत नसे; त्यालाच शाबासकी देऊन तो तें वाढवी. भोंक लांब आहे, त्याच्यामागें भिंत दिसते, अशीं वाक्यें सारा वर्ग म्हणे. मुलाच्या तोडक्या उत्तरापासूनच धडा सुरू होई. त्याचें ओरडणें व अव्यवस्था ह्यांविषयीं त्याच्या एका विद्यार्थ्यानें मागाहून तक्रारही लिहिली आहे. तथापि मुलाचा शब्द फुकट जाऊं द्यावयाचा नाहीं, हा धडा मोलाचा आहे.

१८०५ पासून इव्हर्डन येथील किल्ल्यांत त्याची शाळा जगप्रसिद्ध झाली. देशोदेशींचे विद्यार्थी त्याला बाबा म्हणत. बालोद्यानाचा जनक फ्रेबेल १८०८ पासून १८१० पर्यंत तेथें होता. पण शिक्षकांमध्यें वैर माजलें. मुलांचीं मनें जिंकणाऱ्या ह्या वृद्धाला सहकाऱ्यांचे कटु शब्द आवरतां आले नाहींत, व १८२५ त शाळा बंद झाली. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं तो निवर्तला. बिर्र गांवीं शाळेच्या भिंतीशेजारीं त्याला पुरलें.

पालकहो, शाळेंत गोड बोलणें व घरीं टाकून बोलणें, अथवा ह्याच्या उलट, असें झालें तर मुलाचें मन उभें राहत नाहीं. विद्यार्थीमित्रहो, सोबत्यास टोपणनांव ठेवतांना त्या झुरिचच्या मुलाची आठवण करा. आणि आम्हीं शिक्षकांनीं उद्यां वर्गांत पाऊल टाकतांना प्रथम आपल्या जिभेची परीक्षा घ्यावी.