गाडगे महाराज

गाडगे महाराज (मूळ नाव : डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जि. अमरावती, मृत्यू : २० डिसेंबर १९५६, वलगावजवळ, जि. अमरावती) हे वऱ्हाडातील संत, कीर्तनकार व समाजसुधारक होते. हातातील खराटा आणि मातीचे गाडगे ही त्यांची ओळख झाली. ग्रामस्वच्छतेचा पुरस्कर्ता म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि, दारू, कर्ज आणि देवाच्या नावाने होणारी पशुहत्या यांविरुद्धची त्यांची भूमिका स्वच्छतेच्या कार्याइतकीच मूलभूत होती व तिचे मूळ त्यांच्या स्वतःच्या घरात होते.

== पार्श्वभूमी : वऱ्हाडातील मद्यपान ==

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला मोठी मागणी आली व खेड्यापाड्यांत रोख पैसा खेळू लागला. मद्यविक्री अबकारी खात्याच्या नियंत्रणाखाली होती. दुकानांचे मक्ते दिले जात आणि त्यांपासून सरकारला महसूल मिळत असे.

या प्रदेशात पिण्याचे प्रमुख प्रकार दोन होते. पहिला मोहाच्या दारूचा. मेळघाटात व सातपुड्याच्या पायथ्याशी मोहाची झाडे विपुल आहेत. त्यांची फुले उन्हाळ्याच्या प्रारंभी गळतात. ती वेचून वाळवतात, पाण्यात भिजत घालून आंबवतात आणि भट्टीवर चढवून त्यांचा अर्क उतरवतात. भट्टीतून प्रथम उतरते ती पहिल्या धारेची. ती सर्वांत कडक असते. पुढच्या धारा उत्तरोत्तर सौम्य होत जातात. पिणारे लोक या धारेवरूनच दारूची प्रत ठरवतात. दुसरा प्रकार शिंदीचा. शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडक्यात साठवलेला रस पहाटे गोड असतो. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि मादक होतो. विलायती ब्रँडी व व्हिस्की यांचा प्रसार शहरांतील सुशिक्षित व अधिकारीवर्गापुरता मर्यादित होता. त्या वर्गाच्या व्यसनाचे चित्र राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’ या नाटकात रंगवले. गाडगे महाराजांचा संबंध आला तो खेड्यातील दारूशी.

खेड्यात दारू ही केवळ चैनीची वस्तू नव्हती. अनेक जातींमध्ये बारसे, लग्न, नवस आणि मृताचे दिवस अशा प्रसंगी जातभाईंना बोकडाचे मटण व दारू देणे हे यजमानाचे कर्तव्य मानले जाई. ग्रामदेवतांनाही दारूचा नैवेद्य दाखवला जात असे. ऐपत नसल्यास सावकाराकडून कर्ज काढूनही हा मान राखावा लागे. नकार दिला तर जातीचा रोष पत्करावा लागे.

== बालपण ==

डेबूजींचा जन्म आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे सखुबाई. घरची स्थिती मुळात खाऊनपिऊन सुखी होती. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले आणि ती पालटली. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार, देवाला बोकड कापण्याच्या व जातभाईंच्या जेवणावळींच्या निमित्ताने त्यांचे पिणे सुरू झाले. प्रसंगापुरता हाती घेतलेला पेला पुढे रोजचा झाला. शेतीवाडी गेली, प्रकृती ढासळली आणि १८८४ च्या सुमारास त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी डेबूजी आठ वर्षांचे होते.

अखेरच्या दिवसांत झिंगराजींना आपल्या वर्तनाचा पश्चात्ताप झाला. बोकड व दारू मागणाऱ्या देवांच्या नादी मुलाला लागू देऊ नये, असे त्यांनी पत्नीला बजावले, अशी आठवण चरित्रांतून येते. पुढील आयुष्यात डेबूजींनी घेतलेली भूमिका पाहता या आठवणीला विशेष महत्त्व आहे.

== दापुरे येथील जीवन ==

पतीच्या निधनानंतर सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. डेबूजी तेथे गुरे राखू लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मोठे झाल्यावर त्यांनी मामा चंद्रभान यांच्या शेतीत अपार कष्ट केले. नांगरणी, पेरणी, पोहणे आणि रात्रीचे भजन यांत त्यांचे तारुण्य गेले.

मामांची शेती सावकारी कर्जात अडकली व सुपीक जमीन हातची गेली. निरक्षरतेमुळे कागदावरचा हिशेब कुटुंबाला कळला नव्हता. वडिलांच्या घराचा नाश दारूने झाला होता. मामांच्या घराची हानी कर्जाने व अज्ञानाने केली. पुढे महाराजांच्या कीर्तनांत दारू, कर्ज आणि निरक्षरता हे तीन विषय नेहमी एकत्र येत. या दोन घरांचा अनुभव त्यामागे होता.

१८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला.

== मुलीचे बारसे ==

डेबूजींच्या जीवनाला वळण देणारा प्रसंग म्हणजे त्यांच्या मुलीचे बारसे. रूढीप्रमाणे जातभाईंना मटण व दारू द्यावयाची होती. पाहुणेही त्याच अपेक्षेने आले होते. डेबूजींनी या दोन्ही गोष्टींना फाटा दिला आणि पानात गोडधोड वाढले.

वरवर पाहता ही साधी घटना वाटते. परंतु जातीच्या व्यवहारात या नकाराला मोठा अर्थ होता. आपल्याकडे आलेल्या जेवणाची परतफेड त्याच मानाने करावी, असा संकेत होता व तो मोडणे म्हणजे जातीचा अपमान समजला जाई. डेबूजींनी जेवण टाळले नाही, पाहुण्यांना उपाशी पाठवले नाही आणि कर्जही काढले नाही. रूढी मोडताना आतिथ्य राखण्याची ही पद्धत त्यांनी पुढे आयुष्यभर अनुसरली. त्यांच्या कीर्तनांच्या जोडीने होणारी अन्नदाने याच विचाराचा विस्तार होती. एकत्र जेवण्याचा आनंद दारूवाचूनही मिळू शकतो, हे त्यांना कृतीने दाखवावयाचे होते.

== गृहत्याग व लोकसेवा ==

१९०५ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर किंवा हाती गाडगे अशा वेषात ते गावोगाव फिरू लागले. त्याच गाडग्यात ते अन्न घेत. लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते रस्ते व गटारे झाडत आणि दिवसा साफ केलेल्या गावात रात्री कीर्तन करीत.

पूर्णा नदीच्या काठावरील ऋणमोचन हे त्यांचे सुरुवातीचे कार्यक्षेत्र होते. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीस्नानाने ऋण फिटते अशी लोकांची श्रद्धा होती. निसरड्या काठावरून चढउतार करणाऱ्या यात्रेकरूंची सेवा महाराजांनी केली व पुढे लोकवर्गणीतून घाट बांधला. माणसाचे ऋण मात्र कष्टाने व काटकसरीनेच फिटते, असे ते सांगत.

== कीर्तने आणि मद्यविषयक भूमिका ==

महाराजांचे कीर्तन रूढ पद्धतीपेक्षा वेगळे होते. पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट, संस्कृत वचने व कथा यांऐवजी ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत थेट प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. वर्षाची मिळकत किती, दारूवर किती जाते, सावकाराला किती द्यावे लागते आणि मुलाच्या शाळेसाठी काय उरते, अशा हिशेबाच्या वाटेने ते श्रोत्यांना निष्कर्षापर्यंत नेत.

त्यांच्या भूमिकेची तीन अंगे दिसतात. पहिले अंग धार्मिक. देवाला दारू व बळी लागतो, ही कल्पनाच त्यांनी नाकारली. देवळातील दगडापेक्षा भुकेलेल्या माणसात देव पाहावा, ही त्यांची शिकवण होती. दुसरे अंग आर्थिक. सणसमारंभासाठी कर्ज काढू नये, घरातील भांडी मोडावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. तिसरे अंग कौटुंबिक. दारूची किंमत पिणाऱ्याआधी त्याची बायको व मुले मोजतात, हे ते स्वतःच्या बालपणावरून जाणत होते.

== संस्थाकार्य ==

तीर्थक्षेत्री व शहरांत गोरगरिबांची राहण्याची सोय व्हावी म्हणून महाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. यांशिवाय घाट, अन्नछत्रे, गोरक्षण संस्था, शाळा व वसतिगृहे त्यांच्या प्रेरणेने निर्माण झाली. लक्षावधी रुपयांची बांधकामे झाली, तरी त्यांनी स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी त्यांतील काहीही घेतले नाही. पत्नी कुंताबाईंनीही झोपडीतच दिवस काढले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना विशेष आदर होता. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्त केली. त्यांनी स्थापिलेल्या संस्थांचे काम पाहण्यासाठी १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली.

== दारूबंदी आणि समकालीन प्रयत्न ==

महाराजांच्या हयातीतच मद्यपानाचा प्रश्न राजकारणाचाही विषय झाला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ मध्ये, तर मुंबई राज्यात १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा झाला. अमरावती जिल्ह्यातीलच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनीही मोझरी येथील गुरुकुंजातून खंजिरी भजनांच्या द्वारे व्यसनमुक्तीचा प्रचार केला. तुकडोजींनी गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमार्फत गावे संघटित केली. गाडगे महाराजांनी शिष्यपरंपरा किंवा पंथ निर्माण केला नाही. त्यांचा भर होता तो श्रोत्याच्या स्वतःच्या निश्चयावर. कायद्याने दुकान बंद होईल, परंतु बारशाच्या पंगतीत दारू वाढण्याचा संकेत बंद होण्यासाठी यजमानाचेच मन बदलावे लागते, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

== अखेरचे दिवस ==

वार्धक्य व आजार यांना न जुमानता त्यांची भ्रमंती अखेरपर्यंत चालू राहिली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस वसाहतीत त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्याने त्यांची बोली व श्रोत्यांशी होणारा संवाद आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर महाराजांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे त्यांची समाधी असून तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

== वारसा ==

प्रबोधनकार ठाकरे व गो. नी. दांडेकर यांनी त्यांची चरित्रे लिहिली. त्यांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) हा मराठी चित्रपट निघाला. महाराष्ट्र शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

स्वच्छतेच्या कार्यामुळे त्यांच्या इतर शिकवणीकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांत दारू आणि कर्ज यांचा संबंध आजही तुटलेला नाही. म्हणूनच एका व्यसनी पित्याच्या मुलाने आपल्या मुलीच्या बारशाला बदललेली पंगत हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंगांपैकी एक ठरतो.