ताऱ्यांचा पोतदार

हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री पवनारला धाम नदीच्या काठी उभे राहिले, तर दक्षिणेकडे तिमिंगल हा विस्तीर्ण पण मंद ताऱ्यांचा समूह दिसतो. त्यातील मीरा नावाचा तारा मोठा लहरी आहे. काही महिने तो साध्या डोळ्यांना सहज दिसतो आणि मग इतका मंदावतो की दुर्बिणीवाचून सापडत नाही. सुमारे ३३२ दिवसांनी तो पुन्हा उजळतो. अशा ताऱ्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. मीरा त्यांपैकी स्पंदनशील जातीचा. हा वृद्ध तांबडा राक्षसी तारा फुगतो आणि आकसतो. तो थंड झाला की त्याच्या वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडसारखे रेणू तयार होतात व दृश्य प्रकाश अडवून धरतात. परिणामी त्याच्या तेजात शेकडो पटींचा फरक पडतो.

अशा ताऱ्यांच्या तेजाची नोंद रात्रीमागून रात्री, वर्षानुवर्षे ठेवणारे कोणीतरी असावे लागते. भारतात हे काम सर्वांत निष्ठेने करणाऱ्यांत एका सरकारी खजिन्यातील कर्मचाऱ्याचे नाव घ्यावे लागते. ते म्हणजे राधागोविंद चंद्र.

आज बांगलादेशात असलेल्या जेसोरजवळच्या बागचर या गावी १६ जुलै १८७८ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेच्या क्रमिक पुस्तकात अक्षयकुमार दत्त यांचा विश्वाच्या विशालतेवरचा एक लेख होता. त्या लेखाने या मुलाला आकाशाचे वेड लावले. अभ्यासात मात्र त्यांचे चित्त रमले नाही. प्रवेश परीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले आणि शिक्षण तेथेच थांबले. पुढे जेसोरच्या कलेक्टर कचेरीतील खजिन्यात त्यांना पोद्दाराची नोकरी मिळाली. नाणी मोजायची, खरीखोटी पारखायची, असे ते काम. आपल्याकडील पोतदार तो हाच. दोन्ही शब्दांचे मूळ एकच फारसी आहे.

जेसोरमधील कालीनाथ मुखर्जी हे वकील तारकाशास्त्राचे व्यासंगी होते आणि नक्षत्रांचे नकाशे तयार करीत होते. त्यांच्या सहवासात राधागोविंदांची ताऱ्यांशी पद्धतशीर ओळख झाली. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्यांच्याजवळ केवळ एक द्विनेत्री होती. तिच्यातून त्यांनी धूमकेतूचा नेटाने मागोवा घेतला. दोन वर्षांनी त्यांनी इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. खजिन्यातील कनिष्ठ नोकराने परदेशातून दुर्बीण मागवणे ही त्या काळी काय चीज होती, याची कल्पना आज हप्त्यांवर वस्तू घेणाऱ्या आपल्या पिढीला येणे कठीण आहे.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी, ठळक तारा दिसला. रोजच्या परिचयाचे आकाश असल्यामुळे तो तेथे नसायला हवा, हे त्यांच्या तात्काळ ध्यानात आले. तो नवतारा होता. नवतारा मीरेसारखा स्पंदत नाही. तेथे श्वेत बटू ताऱ्यावर साचलेल्या वायूचा भडका उडतो. हा नवतारा काही दिवसांत अगस्त्याच्या तोडीचा तेजस्वी झाला व नंतर मंदावत गेला. जगात अनेकांनी तो स्वतंत्रपणे पाहिला होता. त्यामुळे शोधाचा मान एकट्या राधागोविंदांकडे जात नाही आणि त्यांच्या थोरवीसाठी तो जाण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की त्यांनी आपली निरीक्षणे हार्वर्ड वेधशाळेकडे पाठवली. वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी या अपरिचित टपालाची दखल घेतली. रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे जमवणाऱ्या हौशी निरीक्षकांच्या अमेरिकन संघटनेशी राधागोविंदांचा संबंध जुळला. ही एएव्हीएसओ संघटना १९११ साली स्थापन झाली होती.

हार्वर्डमध्ये हे काम छायाचित्रांच्या काचांवर चालत होते. तेथील हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९०८ साली मॅजेलनी मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. पुढे १९१२ साली त्यांनी लघु मेघातील २५ ताऱ्यांवरून दाखवून दिले की स्पंदनकाळ जितका मोठा, तितका तारा अधिक तेजस्वी. आकाशगंगेबाहेरची अंतरे मोजण्याची काठी यातूनच हाती आली. परंतु अमेरिकेतील कोणतीही वेधशाळा सगळे आकाश सर्वकाळ पाहू शकत नव्हती. जेसोरला संध्याकाळ होते तेव्हा बॉस्टनला सकाळ असते. तिकडे सूर्य वर असताना कोणता तारा काय करतो, हे इकडच्या कोणीतरी पाहणे आवश्यक होते.

पद्धत वरकरणी सोपी आहे. नकाशात रूपविकारी ताऱ्याभोवतीचे स्थिर तेजाचे तारे त्यांच्या प्रतींसह दिलेले असतात. एक तारा ७.२ प्रतीचा, दुसरा ७.८ प्रतीचा, आणि आपला तारा नेमका त्यांच्या मध्ये वाटला तर नोंद ७.५. सोबत ज्युलियन दिनांक लिहायचा. तो मध्यान्हाला बदलतो, त्यामुळे युरोपातील निरीक्षकाची एक अख्खी रात्र एकाच दिनांकात मावते. जेसोरच्या निरीक्षकाला मात्र ती सोय नाही. ग्रीनिचच्या मध्यान्हाला तेथे संध्याकाळ असते आणि दिनांक ऐन तिन्हीसांजेला पालटतो. खरी परीक्षा नोंद करताना लागते. मागच्या आठवड्यात ७.५ लिहिले होते, म्हणून आज ७.६ असेल अशी समजूत करून घेणे फार सोपे असते. नाणे खरे की खोटे हे चेहरा पाहून नव्हे, नाणे पाहून ठरवायचे असते. दिवसभर हेच करणाऱ्या माणसाच्या हातून रात्री तो नियम मोडला गेला नसावा, असे मला वाटते.

१९२६ साली अमेरिकन संघटनेने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण थेट जेसोरला धाडली. १९२८ साली फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. मायदेशी विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या या माणसाची कदर आधी परदेशाने केली, ही नोंद करताना थोडे ओशाळल्यासारखे होते. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी ३७,२१५ निरीक्षणे पाठवली. सरासरी काढली तर पस्तीस वर्षे दररोज जवळपास तीन. बंगालचा पावसाळा त्यातून वगळला, म्हणजे उघड्या रात्रींवर किती भार पडत असेल ते दिसते. सकाळी पुन्हा खजिना होताच.

मध्यंतरी फाळणी झाली आणि जेसोर पाकिस्तानात गेले. आयुष्यभर ज्या अंगणातून आकाश न्याहाळले ते मागे सोडून राधागोविंद पश्चिम बंगालमध्ये आले व कोलकात्याजवळील बारासात येथे राहिले. तारे अर्थात तेच होते. पण वय झाले होते, हाताशी साधने उरली नव्हती आणि भोवतीच्या कोणालाही या वृद्धाने काय केले आहे याची फारशी माहिती नव्हती. ३ एप्रिल १९७५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एएव्हीएसओची ती सहा इंची दुर्बीण वेणू बाप्पू यांच्याकडे सोपवण्यात आली होती. बाप्पू यांनीही तरुणपणी हैदराबादेत रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणे केलेली असल्याने ती योग्य हातांत पडली म्हणायची. पुढे तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत ती पोहोचली. जेसोरहून टपालाने गेलेले आकडे मात्र अमेरिकेतच राहिले. एएव्हीएसओच्या संग्रहातील एखाद्या ताऱ्याचा १९३० च्या दशकातील तेजोवक्र आज काढला, तर त्यातील काही ठिपके या पोतदाराचे असण्याची शक्यता आहे.