टेडी वेदरफोर्ड : ताजमहाल हॉटेलातला विस्मृत पियानो

अमेरिकी जॅझचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत टेडी वेदरफोर्ड यांच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिकागोतल्या अग्रगण्य पियानोवादकांत त्यांची गणना होत असे. पुढे शांघाय, मुंबई, कोलंबो आणि कलकत्ता या शहरांतील श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. तरीही जॅझच्या चाहत्यांना आज पियानोवादकांची नावे विचारली, तर त्यांत हे नाव क्वचितच येते. ते कमी प्रतीचे वादक होते, म्हणून असे घडलेले नाही. ज्या वर्षांत तबकड्यांमुळे कलावंतांची कीर्ती ठरू लागली, नेमक्या त्याच वर्षांत ते तबकड्यांच्या देशापासून दूर निघून गेले. त्यांच्या हाताची साक्ष देणाऱ्या ध्वनिमुद्रिका मोजक्याच आहेत. त्या कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने ऐकाव्यात, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

वेदरफोर्ड यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. बालपण शेजारच्या पश्चिम व्हर्जिनियातील ब्लूफील्ड येथे गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते न्यू ऑर्लिन्सला आले आणि तेथेच त्यांचा हात पियानोवर बसला. जॅझचे हे जन्मगाव तेव्हा आपले वादक उत्तरेकडे पाठवू लागले होते. त्याच ओघात १९२०च्या आसपास वेदरफोर्डही शिकागोला पोहोचले.

तो मूकपटांचा काळ होता. चित्रपटगृहांत पडद्यापुढे मोठे वाद्यवृंद बसत आणि मध्यंतरात स्वतंत्रपणे वाजवत. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय वस्तीत व्हेंडोम थिएटर होते. तेथील अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद ऐकण्यासाठीच पुष्कळ लोक तिकीट काढत. या वाद्यवृंदात पियानो वेदरफोर्ड यांच्याकडे होता, आणि १९२५च्या अखेरीपासून लुई आर्मस्ट्राँगही त्यांच्यासोबत वाजवू लागले. अर्ल हाईन्स हा तरुण पियानोवादक शिकागोत दाखल झाला, तेव्हा त्यालाही वेदरफोर्ड यांच्या वादनाशीच स्वतःची तुलना करावी लागली.

या काळातील एक तबकडी प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. २८ मे १९२६ रोजी टेट यांच्या वाद्यवृंदाने व्होकॅलियन कंपनीसाठी ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ या दोन रचना मुद्रित केल्या. आर्मस्ट्राँग यांच्या नावामुळे ही तबकडी पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होत राहिली. मात्र ती ऐकताना ट्रम्पेट थांबून पियानो पुढे येतो त्या जागांवर कान ठेवावा. डावा हात खर्जातला एक स्वर आणि मधल्या सप्तकातला स्वरगुच्छ यांच्यात झोके घेत लय धरून ठेवतो. तबल्याने ठेका धरावा आणि त्यावर गायकाने मोकळेपणी ताना घ्याव्यात, तसा उजवा हात त्या लयीवर धावतो. गती इतकी आहे की पहिल्यांदा ऐकताना दोन पियानो वाजत असल्याचा भास व्हावा. वादकाचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी वेदरफोर्ड यांनी आयुष्य बदलणारा निर्णय घेतला. ड्रमवादक जॅक कार्टर आशियाच्या दौऱ्यासाठी वादक गोळा करत होते. वेदरफोर्ड त्यांच्यासोबत जहाजात बसले आणि शांघायला पोहोचले. यामागील हिशेब समजण्यासारखा आहे. अमेरिकेत वर्णभेद कायद्याने आणि रूढीने पक्का झाला होता. कृष्णवर्णीय वादक कितीही नामवंत असला, तरी कित्येक हॉटेलांत त्याला मागच्या दाराने आत यावे लागे. शांघायमध्ये मात्र तोच वादक मुख्य आकर्षण ठरे. शहर श्रीमंत होते, नृत्यगृहे पहाटेपर्यंत चालत आणि अमेरिकी संगीताला मागणी होती. वेदरफोर्ड एकाच रात्री एकापेक्षा अधिक नृत्यगृहांत हजेरी लावत. आत यायचे, सर्वांच्या नजरा खिळलेल्या असताना पियानोवर बसायचे, एकल वादन करायचे आणि पुढच्या ठिकाणी निघायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. १९३३ मध्ये कवी लँगस्टन ह्यूज शांघायला आले असता त्यांचीही वेदरफोर्ड यांच्याशी ओळख झाली. पुढच्याच वर्षी वेदरफोर्ड अमेरिकेत जाऊन ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांचा संपूर्ण वाद्यवृंद शांघायच्या कॅनिड्रोम नृत्यगृहासाठी घेऊन आले. हेच क्लेटन पुढे काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात नावारूपाला आले.

या यशाची किंमत मात्र अमेरिकेत चुकवावी लागत होती. वेदरफोर्ड यांनी शिकागो सोडल्यावर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, अर्ल हाईन्स यांनी आर्मस्ट्राँग यांच्यासोबत ‘वेस्ट एंड ब्लूज’ आणि ‘वेदर बर्ड’ या रचना मुद्रित केल्या. जॅझ पियानोचा इतिहास तेव्हापासून हाईन्स यांच्या नावाने सांगितला जाऊ लागला, आणि त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु त्या वर्षी वेदरफोर्ड कसे वाजवत होते, हे ताडून पाहण्याचे साधनच आपल्याजवळ नाही. रात्री वाजलेले संगीत शांघायच्या रात्रीतच विरून गेले.

शांघायनंतर मुंबई. पश्चिम किनाऱ्यावरचा बंदराचा मान सुरतेकडून मुंबईकडे येऊन तेव्हा दोन शतके होत आली होती, आणि युरोपातून पूर्वेकडे निघालेले वादक याच बंदरात उतरत. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्या वाद्यवृंदातील ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ नंतर मुंबईतच राहिले आणि त्यांनी स्वतःचा संच उभारला. स्मिथ हे जुन्या पिढीचे कलावंत होते. पहिल्या महायुद्धापूर्वी न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या संचात त्यांनी वाजवले होते. १९३६ मध्ये वेदरफोर्ड या संचात पियानोवर बसले. ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे वाजवलेले रूडी जॅक्सनही क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन घेऊन त्यांच्याबरोबर होते. न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स आणि शिकागो या जॅझच्या तिन्ही केंद्रांची परंपरा अशी अपोलो बंदरावर एकत्र आली.

याच संचाने १९३६ मध्ये मुंबईत रेक्स या नाममुद्रेखाली काही तबकड्या मुद्रित केल्या. त्यांतील मेना सायलस यांची ‘ताज महाल’ ही फॉक्सट्रॉट रचना आपल्याकडच्या श्रोत्याने आवर्जून ऐकावी. ती नृत्यासाठी केलेली आहे, त्यामुळे पियानोला तिच्यात फारसा एकल अवकाश नाही. तिचे महत्त्व वेगळे आहे. मुंबईतील संगीतकाराने मुंबईतील हॉटेलावर केलेली आणि अमेरिकी वादकांनी मुंबईतच वाजवलेली ही रचना आहे. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगावरील आपल्या पुस्तकाला २०१२ मध्ये याच रचनेवरून नाव दिले आणि हा विसरलेला काळ पुन्हा चर्चेत आला.

आपल्या गोव्याचा या कथेशी असलेला संबंध इथेच सुरू होतो. चर्चच्या संगीतशाळांत शिकलेले गोमंतकीय वादक स्वरलिपी वाचण्यात तरबेज होते. समोर ठेवलेला कागद ते पहिल्याच नजरेत वाजवून दाखवत. जॅझमध्ये मात्र कागदावर नसलेले वाजवावे लागते. ती विद्या प्रत्यक्ष ऐकून, शेजारी बसूनच घ्यावी लागते. वेदरफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे तिची शाळाच मुंबईत उघडली. १९३९ पासून ताजमध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद वाजवू लागला आणि दोन दशकांहून अधिक काळ तेथे राहिला. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने भारताचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले गेले. पुढे मुंबई राज्यात १९४९च्या कायद्याने कडक दारूबंदी आली. सुरत तेव्हा याच राज्यात होती आणि तेथे बंदी आजही आहे. रात्रीच्या नृत्यगृहांचा कणा मोडला आणि हे वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील उसळती लय ऐकताना १९३६च्या ताजमधील नृत्यगृह फार दूर वाटत नाही.

पुन्हा वेदरफोर्ड यांच्याकडे. १९३७ मध्ये ते पॅरिसला गेले, आणि हा प्रवास त्यांच्या कीर्तीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला. तेथे शार्ल दलोने यांनी त्याच वर्षी ‘स्विंग’ ही केवळ जॅझला वाहिलेली तबकड्यांची मालिका सुरू केली होती. तिच्यासाठी वेदरफोर्ड यांनी कोणत्याही साथीविना पियानोवादन मुद्रित केले. ‘टी फॉर टू’, ‘आय एन्ट गॉट नोबडी’, ‘एन्ट मिसबिहेविन’, ‘माय ब्लू हेवन’, ‘मेपल लीफ रॅग’ आणि स्वतःच्या आडनावावर श्लेष करणारी ‘वेदर बीटन ब्लूज’ ही त्यांतील शीर्षके होत. वेदरफोर्ड यांचे केवळ एकच काही ऐकायचे असेल, तर हे ऐकावे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात रचना मांडायची, तिचे रूप पालटायचे आणि ती संपवायची, ही कसोटी होती.

या मालिकेची सुरुवात ‘मेपल लीफ रॅग’ने करावी. स्कॉट जॉप्लिन यांची ही रचना १८९९ची, म्हणजे वेदरफोर्ड यांच्या जन्माआधीची. जुन्या रॅगटाइमचे काटेकोर घर त्यांच्या पिढीने कसे मोकळे केले, ते तिच्यात कळते. त्यानंतर फॅट्स वॉलर यांची ‘एन्ट मिसबिहेविन’ घ्यावी. वॉलर यांचे स्वतःचे वादन उपलब्ध असल्याने दोन हातांची तुलना करता येते. ‘टी फॉर टू’ हे तर त्या काळच्या पियानोवादकांचे सामायिक मैदान होते. आर्ट टेटम यांनीही ते गाजवले. शेवटी ‘वेदर बीटन ब्लूज’ ऐकावे. इतरत्र धावणारा हात इथे थांबून बोलतो आणि न्यू ऑर्लिन्सच्या शिकवणीची खूण पटते.

पॅरिसहून ते पुन्हा आशियात परतले. कोलंबो आणि त्यानंतर कलकत्ता हे त्यांचे पुढचे मुक्काम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. शहर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी भरले होते. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकले, तर १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. अशा शहरात, त्या हॉटेलाच्या उजळलेल्या दालनात, हा वाद्यवृंद सैनिकांना क्षणभर घरी नेत होता. व्यापारी जहाजावर काम करणारा जिमी विदरस्पून हा तरुण याच वाद्यवृंदासोबत गायला आणि पुढे अमेरिकेत ब्लूजचा नामवंत गायक झाला. ब्रह्मदेशातून आलेले रूबेन सॉलोमन आणि सेड्रिक वेस्ट हेही संचात होते. अमेरिकी, ब्रह्मी आणि भारतीय हात एकाच संगीतात गुंतले होते.

कलकत्त्यात कोलंबियासाठी त्यांनी बऱ्याच तबकड्या मुद्रित केल्या. त्यांत बहुतांश त्या दिवसांची लोकप्रिय नृत्यगीते आहेत. पॅरिसच्या एकल वादनाची उंची त्यांत शोधू नये. गायकाच्या मागे दोन-चार मात्रांच्या मोकळ्या जागा पियानो कशा भरतो आणि वेगवेगळ्या देशांचे वादक त्याच्या लयीवर कसे एकत्र राहतात, हे मात्र त्यांत नीट ऐकू येते. वाद्यवृंदाचा नेता म्हणून वेदरफोर्ड समजून घ्यायचे तर या तबकड्यांना पर्याय नाही.

युरोपातील युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा, २५ एप्रिल १९४५ रोजी, कॉलऱ्याने कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस. युद्धानंतर जॅझचे स्वरूप बदलले. जुन्या वादकांना शोधून त्यांच्या नव्या, दीर्घ तबकड्या काढण्याची लाट आली. अर्ल हाईन्स यांना त्या लाटेने १९६० नंतर पुन्हा शिखरावर नेले. वेदरफोर्ड तोवर जगले असते, तर त्यांच्याही दारी कोणी ध्वनिमुद्रक आला असता, असे मानायला जागा आहे.

गोमंतकीय वाचकाला हे दैव अनोळखी वाटू नये. चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे आपले कितीतरी वादक तबकडीवर नाव न येताच गेले. त्यांचे वादन घरोघरी पोहोचले, ते मात्र अनामच राहिले. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे व्हायोलिनगुरू सर्वांना ठाऊक झाले, ते शिष्य प्यारेलाल यांच्या संगीतातल्या एका गाण्यात त्यांचे नाव आले म्हणून. वेदरफोर्ड यांच्याबाबतीत निदान नाव लिहिलेल्या तबकड्या शिल्लक आहेत. १९२६ची शिकागोतील एक, १९३६ची मुंबईतील एक, १९३७ची पॅरिसमधील एकल मालिका आणि कलकत्त्यातील निवडक गीते, हा सारा ऐवज एका संध्याकाळी ऐकून होतो. यातील बरेचसे आता संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर सहज मिळते. ज्यांच्या घरी आजोबांचे ट्रम्पेट किंवा व्हायोलिन अजून पेटीत जपून ठेवलेले आहे, त्यांनी तरी ही संध्याकाळ काढावी.