सलीम अलींची मोजदाद आणि गोदाकाठची अंडी

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या काठी घरटी करणाऱ्या कुरव पक्ष्यांची अंडी कॅनडाच्या शासकीय शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून दरसाल गोळा करून गोठवून ठेवली. त्या वेळी त्यांच्या मनात डीडीटी आणि तत्सम विषे होती. पुढे निराळ्याच रसायनांविषयी शंका उत्पन्न झाली. दूरचित्रवाणी संच, संगणक, कोच, गाद्या यांच्या प्लास्टिकात व फोमात आग लवकर भडकू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायने मिसळली जात. १९८१ ते २००० या काळातील जपून ठेवलेली अंडी तपासली तेव्हा या ज्वालारोधक रसायनांचे प्रमाण दर तीनेक वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे आढळले. जुनी अंडी नसती तर २००० सालच्या आकड्याला अर्थ उरला नसता. तो आकडा फार म्हणायचा की थोडा, हे कशावरून ठरवणार?

आपल्या देशात पक्ष्यांच्या अशा नोंदींची सवय ज्यांनी आयुष्यभर जोपासली ते सलीम अली १९८७ साली निवर्तले. पक्षिमित्र, पक्षिप्रेमी या विशेषणांखाली त्यांचे खरे काम काहीसे झाकले गेले आहे. ते काम प्रेमापेक्षा हिशेबाचे होते.

मुंबईतील खेतवाडीच्या एका मोठ्या कुटुंबात १२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भावंडांचा सांभाळ केला. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. मामांची चिठ्ठी घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील सचिव मिलर्ड यांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या खणांतील प्रत्येक पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीकडे आपले लक्ष जात नाही. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, एवढेच तीवर असते. पुढची साठ-सत्तर वर्षे सलीम अलींनी अशाच चिठ्ठ्या लिहिल्या.

रीतसर पदवी त्यांच्यापाशी नव्हती. घरच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात काही वर्षे काढली, तीही फार यशस्वी झाली नाहीत. पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्रीय सर्वेक्षणात जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून आले, तो नोकरीच संपुष्टात आलेली. बेकारीच्या त्या दिवसांत, १९३० च्या पावसाळ्यात, अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वसाहतीवर रोज तासन् तास पहारा ठेवला. घरटे विणतो तो नर. ते अर्धवट झाले की मादी येऊन आत-बाहेर पाहते, पसंत पडले तर राहते, आणि नर लगेच दुसरे घरटे विणू लागतो, हे त्या पहाऱ्यातून उजेडात आले. मराठीने मात्र सारे श्रेय स्त्रीलिंगी नाव देऊन मादीला बहाल केले आहे! कोणतीही उपकरणे न वापरता, केवळ रोज त्याच जागी बसून व दिसेल ते वहीत उतरवून मिळालेले हे ज्ञान होते.

त्यानंतर संस्थानांच्या पक्षी-पाहण्या सुरू झाल्या. हैदराबादेपासून अनेक प्रदेश त्यांनी पायाखाली घातले आणि बहुतेक सफरींत पत्नी तेहमिना सोबत होत्या. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. १९४१ चे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आणि डिलन रिप्ले यांच्यासह १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केलेले दहा खंड ही त्यांची सर्वपरिचित कामगिरी. पद्मविभूषण आणि राज्यसभेचे सदस्यत्व हे सन्मानही वाट्याला आले. त्यांनी पक्षी बंदुकीने टिपले, ही गोष्ट आजच्या वाचकाला खुपते व ती खुपावीही; पण त्या काळी नमुना मिळवण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांनी मारलेला पक्षी नोंदीवाचून वाया गेला नाही.

या खणांचा पुढे काय उपयोग होईल याचा अंदाज कोणालाच नसतो. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली छंदिष्टांच्या कपाटांतील जुनी अंडी तोलून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणजे डीडीटी आल्यावर, बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे त्यांना दाखवता आले. आपल्याकडे १९८० च्या दशकात गिधाडे इतकी मुबलक होती की ती विमानांना आदळतात म्हणून सोसायटीला अभ्यास हाती घ्यावा लागला. पुढच्या दशकात तीच गिधाडे दिसेनाशी झाली. भरतपूरला आधीची मोजणी होती म्हणूनच घट किती, हे सांगता आले. २००४ साली गुरांच्या औषधातील डायक्लोफेनॅकवर ठपका आला आणि २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी झाली.

ज्वालारोधक रसायनांचा कारभार याहून गुपचूप चालतो. त्यांपैकी बरीचशी प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. म्हणून ती हळूहळू सुटून धुळीत उतरतात. त्यांचे विघटन सहजी होत नाही. चरबीत साठून ती माशातून मासेखाऊ पक्ष्यात वाढत्या प्रमाणात जातात आणि कंठग्रंथीच्या स्रावांत बिघाड करतात. भारताने त्यांतील काहींवर २०१८ च्या नियमांनी बंदी घातली. परंतु तत्पूर्वी बनलेल्या वस्तू बंदी घातल्याने नाहीशा होत नाहीत. नाशिकच्या इंदिरानगरातून भंगारात गेलेला जुना दूरचित्रवाणी संच किंवा फाटका कोच फोडला गेला, उघड्यावर जाळला गेला, तर त्याची धूळ व राख पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत जाण्यास कोणतीच आडकाठी नाही.

गोदावरी पुढे निफाड तालुक्यात कादवेला भेटते, तेथे नांदूर-मधमेश्वरचा बंधारा आहे. या जागेला सलीम अलींनी महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे नाशिककर अभिमानाने सांगतात. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत ते राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथील पक्ष्यांची गणना होते, हे चांगलेच आहे. पण गणना पक्षी किती ते सांगते, पक्ष्याच्या अंगात काय आहे ते सांगत नाही. पाणकावळे, बगळे यांच्या घरट्यांत दरसाल काही अंडी उबवूनही फुटत नाहीत. त्यांतील मोजकी अंडी ठिकाण व तारखेच्या चिठ्ठीसह एखाद्या विद्यापीठाच्या शीतपेटीत ठेवण्यास खर्च फारसा नाही. आज ती तपासण्याची सोय नसली तरी पंचवीस वर्षांनी असेल, आणि तेव्हा आजचे अंडे पैसे टाकूनही विकत मिळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार यासाठी वनखात्याची परवानगी लागेल. अभयारण्य त्याच खात्याच्या ताब्यात आहे.