डासाच्या पोटातील कोडे

हिवताप दूषित हवेने होतो, अशी फार दिवस लोकांची समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी वाईट हवा असा आहे. ही समजूत ज्यांनी खोटी ठरवली, त्या रोनाल्ड रॉस यांचा जन्म १८५७ साली हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. त्यांचा ओढा काव्याकडे; वैद्यकाचा अभ्यास त्यांनी केला तो वडिलांच्या इच्छेखातर. १८८१ साली ते हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

रोग्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू असतात, हे लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० मध्येच पाहिले होते. परंतु ते एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात कसे? यात डासाचा संबंध असावा, असा तर्क लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी केला आणि १८९५ पासून रॉस त्याच्या मागे लागले.

माणसाला चावते ती डासाची मादी, हे तुम्हांस ठाऊक असेल. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. रॉस अळ्यांपासून डास वाढवीत, रोग्याला मच्छरदाणीत निजवून ते आत सोडीत आणि मग एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपाशीत. दोन वर्षे हाती काही लागले नाही. लागणार तरी कसे? ज्या जातींचे डास ते पाहत होते, त्यांच्या अंगी माणसाच्या हिवतापाचा जंतू वाढतच नाही!

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस त्यांना ठिपकेदार पंखांचे निराळे डास मिळाले. १६ तारखेला हुसेन खान नावाच्या रोग्याने ते आपल्या अंगावर चावू दिले. मोबदला डासामागे एक आणा. दहा डासांचे दहा आणे झाले. रॉस यांच्या बरोबरीने या गरीब माणसाचेही नाव घ्यावयास हवे.

उकाडा असह्य होता. पंखा ओढावयास लावावा, तर चिरलेले डास उडून जात. घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला थोडेच डास उरले असताना, एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना गोल पेशी दिसल्या. हिवतापाच्या जंतूत आढळतात तसे काळे कण त्यांत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा डास चिरला. त्यातील पेशी कालच्याहून मोठ्या होत्या. म्हणजे त्या जिवंत होत्या, वाढत होत्या!

एवढ्यात त्यांची बदली झाली आणि काम थांबले. पुढे १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले. जंतू जठरातून डासाच्या लाळेच्या ग्रंथींत उतरतो, असे त्यांस आढळले. तसे डास निरोगी चिमण्यांस चावू देताच त्यांनाही तो रोग जडला. माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट इटलीतील शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी सिद्ध केली. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर डासांची पैदास होणारी डबकी नाहीशी करा, असे सांगत ते देशोदेशी हिंडले. १९३२ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले.