मुलांवर विश्वास टाकणारा सेनानी

शाळेत स्काऊट-गाईडमध्ये असलेल्या अनेकांना 'खरी कमाई'चा दिवस आजही आठवत असेल. गळ्यात स्कार्फ बांधून मुलांनीच भेळ करायची, मुलांनीच ती विकायची आणि संध्याकाळी हिशेबही त्यांनीच जुळवायचा. मुलांवर काम सोपवून त्यांना घडविण्याच्या या पद्धतीचे मूळ शोधू लागले, की आपण एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्यापाशी पोहोचतो. ते म्हणजे रॉबर्ट बेडन-पॉवेल.

२२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक होते. परंतु रॉबर्ट तीन वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले आणि आईने मोठ्या जिद्दीने मुलांना वाढविले. चार्टरहाउस शाळेत वर्गापेक्षा लगतच्या रानातच त्यांचे मन अधिक रमे. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश मिळाला नाही, तेव्हा ते लष्कराच्या परीक्षेला बसले आणि १८७६ मध्ये घोडदळाचे अधिकारी म्हणून लखनौला दाखल झाले. पुढे मेरठच्या छावणीत त्यांनी सैनिकांना टेहळणीचे शिक्षण दिले. सैनिकाने केवळ हुकूम न पाळता स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा, असा त्यांचा आग्रह असे.

बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग या गावाला पडलेला २१७ दिवसांचा वेढा १७ मे १९०० रोजी उठला आणि बेडन-पॉवेल इंग्लंडचे लाडके वीर ठरले. या वेढ्यात गावातील किशोरांच्या एका पथकाने निरोप पोहोचविण्याचे आणि टेहळणीचे काम चोख बजावले होते. जबाबदारी टाकली तर मुले ती पेलतात, हा धडा त्यांना तेथे मिळाला. मात्र, याच वेढ्यात कृष्णवर्णीय रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा कमी अन्न आले, ही इतिहासकारांची टीकाही विसरता येत नाही.

मायदेशी परतल्यावर आपले सैनिकांसाठीचे पुस्तक शाळकरी मुले वाचत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. १ ऑगस्ट १९०७ रोजी ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे २० मुलांचे शिबिर भरविले. त्यात नामांकित शाळांतील श्रीमंतांची मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. वर्गभेदाने विभागलेल्या इंग्लंडमध्ये ही गोष्ट साधी नव्हती. मुलांचे चार संघ करून प्रत्येक संघाची धुरा त्यांच्यातीलच एका मोठ्या मुलाकडे देण्यात आली.

हा संघनायकच या पद्धतीचा प्राण होय. पाच-सात सवंगड्यांना सांभाळताना त्याला इतरांचे ऐकून घ्यावे लागते, भांडणे मिटवावी लागतात, मागे पडलेल्याला सोबत घ्यावे लागते. कोणत्याही व्याख्यानाने न येणारे शहाणपण अशा अनुभवातून येते. १९०८ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने ही चळवळ देशोदेशी नेली. १९०९ मध्ये लंडनच्या मेळाव्यात मुलीही हक्काने येऊन उभ्या राहिल्या आणि १९१० मध्ये गाईड चळवळ सुरू झाली.

भारतात मात्र विश्वासाचे हे तत्त्व राज्यकर्त्यांना पचले नाही. १९०९ मध्ये येथे सुरू झालेली पथके गोऱ्या मुलांपुरतीच होती. भारतीय मुलांना असे शिक्षण मिळाले तर उद्या ती आपल्याच विरुद्ध उभी राहतील, ही धास्ती त्यामागे होती. अखेर डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी उत्तर भारतात स्वतंत्र बालवीर पथके उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः भारतात आले आणि अधिकृत संघटनेची दारे भारतीय मुलांसाठी रुंदावली. तरीही मतभेद पुरते मिटले नाहीत. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्वतंत्र भारतात 'भारत स्काऊट्स अँड गाईड्स' ही एकत्रित संघटना स्थापन झाली.

तोवर बेडन-पॉवेल हयात नव्हते. ८ जानेवारी १९४१ रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे निधन झाले. मुलांवर विश्वास टाकायला जगाला शिकविणारा हा सेनानी साम्राज्याच्या चौकटीतून स्वतः पूर्णपणे बाहेर पडू शकला नाही. तरीही त्यांनी दिलेली पद्धत त्यांच्याहून मोठी ठरली. ज्या मुलांना ती नाकारली गेली, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी ती हक्काने उचलली, हीच तिच्या सामर्थ्याची खरी पावती.