ख्रिस्ताची विजयगाथा ओवीबद्ध करणारे फादर स्टीफन्स

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेल्या थॉमस स्टीफन्स यांच्या नावावर मराठीतील जवळपास अकरा हजार ओव्या आहेत, हे ऐकून आजही अनेकांना आश्चर्य वाटते. मायदेशी कॅथलिकांचा छळ सुरू असताना त्यांनी रोम गाठले आणि १५७५ मध्ये ते येशू संघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले स्टीफन्स ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले, ते १६१९ मधील मृत्यूपर्यंत तेथेच राहिले.

साष्टी हे त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र. तेथील मंदिरे पोर्तुगीजांनी त्यापूर्वीच पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. अकबराच्या दरबारात राहून आलेले रुडॉल्फ आक्वाविवा हे त्यांपैकी एक. पुढे गावच्या प्रमुखांनाही पोर्तुगीज सत्तेने ठार मारले. स्टीफन्स यांनी येशूसंघीयांच्या हत्येची हकिगत पत्राने आपल्या भावाला कळविली होती.

अशा भूमीत ख्रिस्ताचा विजय सांगायचा कसा? धर्मांतरितांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हते. ही उणीव स्टीफन्स यांनी ओळखली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या भागात ३६ अवस्वर असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा येते, दुसऱ्या भागातील ५९ अवस्वरांत ख्रिस्तचरित्र आहे. देवनागरी खिळ्यांअभावी हे मराठी पुराण रोमन लिपीत छापावे लागले.

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात क्रुसावरील मरणाचा एक अर्थ पापांचे प्रायश्चित्त असा, तर दुसरा सैतान आणि मृत्यू यांवरील विजय असा लावला जातो. या श्रद्धेनुसार ख्रिस्त अधोलोकात उतरतो, तेथे वाट पाहणाऱ्या पुण्यवंतांना सोडवतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उठतो. देव भूतलावर येऊन दुष्टशक्तींचे पारिपत्य करतो, अशा कथांवर पोसलेल्या श्रोत्यांना हा दुसरा अर्थ परका वाटण्याचे कारण नव्हते. स्वर्गासाठी स्टीफन्स यांनी बेलाशक ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. मात्र या पुराणातील विजेत्याच्या हाती शस्त्र नाही. चर्चच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या सत्तेच्या हाती ते होते, ही विसंगती आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. स्टीफन्स त्याच सत्तेच्या छत्राखाली वावरत होते, हेही विसरता येत नाही.

त्यांच्या पश्चात १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषेच्या वापरावरच बंदीचे फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून मंगळूर भागात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र हस्तलिखिते जपली, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथे हे पुराण पुन्हा छापले.